सायीच्या रंगाचं घर

४ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आजींच्या गोळ्या चालू ठेवा, पण खरं औषध म्हणजे घर. घरात शांतता हवी. गोंधळ नको, भडक काही नको." भडक हा शब्द त्यांचा की माझा, ते आता नक्की आठवत नाही. पण घरी येऊन कुलूप काढलं आणि तोच शब्द डोळ्यांत शिरला.

आमचं घर म्हणजे दुकानातल्या कातरणांची पेटी. बाथरूमचं दार हिरवं, कारण तेव्हा हिरव्या रंगाचा अर्धा डबा फुकटात मिळाला होता. स्वयंपाकघर निळं. सोफा लाल. जेवायच्या खुर्च्या एक पिवळी, एक तपकिरी. सगळी हिची हौस. जन्मभर मी कपडे शिवले आणि ही शेजारी बसून काज-बटण करत राहिली. दिवसभर लोकांच्या काळ्या-करड्या पँटी मांडीवर घेऊन कंटाळायची आणि घरी आली की म्हणायची, "निदान घरात तरी रंग दिसू दे की हो!" मीही कधी नाही म्हटलं नाही. आता मात्र तिच्या डोक्यातच सगळ्या रंगांचं गाठोडं सुटलंय. सकाळचं दुपारी आठवत नाही. घराने तरी तिला आणखी का छळावं?

लेक परवा येऊन स्पष्टच बोलली. "बाबा, आईचं तुमच्याच्यानं होत नाही. उन्हाळ्यापर्यंत बघू. नाहीतर देखभाल केंद्रात ठेवू तिला. तिथे दिवसरात्र माणसं असतात."

"मग मी काय माणूस नाही?"

"तुम्ही नवरा आहात."

मनाशी गाठ मारली आहे. हिला कुठे पाठवायचं नाही. घर असं शांत करून दाखवतो, की ही आपोआप शांत होईल.

११ फेब्रुवारी

वाचनालयातून घर सजवण्याचं पुस्तक आणलं. शाळा मी चौथीतच सोडली. जे शिकलो ते कापडावर आणि अशा पुस्तकांवर. त्यात एक नियम दिलाय तो मला फार पटला. घरभर रंगांची एकच मालिका हवी. एक मुख्य रंग, एक त्याच्या जोडीचा, आणि चिमूटभर तिसरा, उठून दिसणारा. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना डोळ्याला ठेच लागता कामा नये.

अरे, हे तर मी आयुष्यभर करत आलो! कापडाशी दोरा जुळवायचा, दोऱ्याशी बटण, बटणाशी अस्तर. शिवण गिऱ्हाइकाला दिसली तर शिंपी नापास. म्हटलं, घरही तसंच शिवू.

रंगांच्या पट्ट्या आणल्या. मुख्य रंग सायीचा. जोडीचा ओल्या वाळूचा. तिसऱ्याची चिमूट मी गाळली. ती धडधाकट डोक्याच्या लोकांसाठी असेल. हिला ती चिमूटही तिखट लागायची.

पट्ट्या हिच्यासमोर ठेवल्या. म्हटलं, "बघ, कुठला घ्यायचा?" तिने लगेच लालवर बोट ठेवलं. "हा."

"अगं, हा काय म्हातारपणी?"

"हा दिसतो," ती म्हणाली.

मला हसू आलं. दिसतो म्हणूनच तर नको ना, बाई.

२३ फेब्रुवारी

रंगारी आला. बोलका प्राणी. पट्ट्या बघून म्हणाला, "आजोबा, घर रंगवायचंय की दुधात बुडवायचंय? माझ्याकडे एक मस्त केशरी डबा उरलाय, निम्म्यात देतो. एक भिंत तरी होऊन जाऊ द्या!"

म्हटलं, "तुझा केशरी तुला लखलाभ. भिंती, दारं, चौकटी, कपाटं, सगळं एकच."

"दारंसुद्धा?"

"दारंसुद्धा. शिवण दिसता कामा नये."

"शिवण?" तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "तुम्ही म्हणाल तसं, मास्तर."

बाथरूमचं दार रंगवून झालं, तर ही गेली आणि ओल्या रंगावर दोन्ही तळवे टेकून उभी राहिली. हलेचना. मागे ओढली तेव्हा दारावर दोन पंजे उठले. पंज्यांतून खालचं हिरवं दिसत होतं. रंगारी म्हणाला, "आजींनी सही केली! राहू द्या की."

कसलं राहू द्या. वरून आणखी एक हात मारून घेतला.

५ मार्च

झालं. आज कुठे पाठ टेकली.

पडदे, पलंगपोस, उशांचे अभ्रे, सोफ्याची खोळ, सगळं मी माझ्या मशीनवर शिवलं. कापड एकाच ताग्यातलं, दोरा इतका जुळलाय की माझी मलाच शिवण सापडत नाही. उरलेल्या कापडात हिला दोन गाऊन आणि मला तीन शर्ट झाले. जुन्या निळ्या बशा कामवालीला दिल्या आणि सायीच्या रंगाचा सेट आणला. लाल, पिवळं जे काही होतं ते रंगाऱ्याला देऊन टाकलं. तो खूश, मीही खूश.

लेक आली तर दारातच थबकली. "बाबा! हे मासिकातलं घर वाटतंय. तुम्ही केलंत हे?"

"मग काय शेजाऱ्यांनी?"

तिने मला मिठी मारली. किती वर्षांनी मारली! मग आईकडे बघितलं. ही सोफ्यावर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होती. दोन्ही हात मांडीवर, अगदी गप्प. एरवी सारखी उठबस, सारखं काहीतरी शोधणं चालायचं.

"आई शांत वाटते, नाही?" लेक म्हणाली.

"बघ, मी सांगत नव्हतो?" म्हणालो.

१३ मार्च

लिहायला लाज वाटते, पण मनात तरी कुठवर कोंडून ठेवणार.

ही बाथरूमपर्यंत जाते आणि तिथेच उभी राहते. भिंतीवरून हात फिरवते, जणू भिंतीला कडी असावी. दार हातभर अंतरावर, पण उघडायचं सुचत नाही. आणि मग जे व्हायचं ते होतं. आज म्हणाली, "हिरवं कुठे गेलं हो? हिरवं कुठे गेलं?" मला वाटलं, झाडं बघायची असतील. बाहेरच्या गॅलरीतली कुंडी उचलून आणली आणि तिच्यापुढे ठेवली. कुंडीकडे बघून तिचा चेहरा असा उजळला! म्हटलं, चला, एवढ्याने तरी बरं वाटलं बाईला. मी पाणी आणायला वळलो, परत येऊन पाहतो तर ही गाऊन वर करून कुंडीवरच बसायला निघालेली.

पुसलं सगळं, तिला धुतलं, कपडे बदलले. ती म्हणाली, "रागावू नका." मी म्हटलं, "छे गं, झाडाला पाणी हवंच होतं." तीही हसली. मी मोरीत गेलो, नळ सोडला आणि मग रडलो.

डॉक्टरांनी सांगितलंच होतं, हे आज ना उद्या होणार. पण इतक्या लवकर?

१९ मार्च

खाणं सुटत चाललंय. दुधात पाव कुस्करून देतो, तर चमचा ताटलीच्या रिकाम्या कडेवरच फिरवते. खडखड आवाज करत राहते आणि म्हणते, "संपलं." "अगं, संपलं कुठे, हे काय समोर!" म्हणून भरवायला जावं तर तोंड फिरवते. अन्नावरची वासनाच उडाली म्हणायची. गालांची हाडं वर आली आहेत.

आणि काल पडली. सोफ्यावर बसायला गेली ती सोफ्याच्या शेजारी हवेतच बसली. सोफा मोठा, जमीन मोकळी, मध्ये काही अडथळा नाही. तरी! कमरेवर हे एवढं काळंनिळं झालंय.

लेकीला कळवायलाच लागलं. ती आली आणि आईची कंबर बघून एकदम माझ्यावर घसरली. "तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. दोन पावलांवर."

"मग?"

"मग काय! पडणाऱ्याचं पडणं पावलं मोजून येतं का?"

"बाबा, मी तुम्हाला दोष देत नाहीये."

देत नाही म्हणते आणि डोळ्यांनी देते. आईचीच लेक.

२६ मार्च

आज सकाळी थोडा वेळ मी जगातला सुखी माणूस होतो.

भाजी घेऊन आलो तर ही खिडकीत बसलेली, हातात सुई! मशीनच्या खणातून कच्च्या टाक्याची लाल रीळ तिने शोधून काढली होती, आणि चष्मा कपाळावर ढकलून, जीभ ओठांत धरून टाके घालत होती. थेट दुकानातली ती. माझ्या तोंडून निघून गेलं, "काय बाई, आज किती बटणं झाली?" तिने मान वर न करताच म्हटलं, "बोलू नका, माप चुकेल."

जवळ जाऊन पाहिलं. पलंगपोसाच्या चारही कडांना लाल टाके. बोटभर लांबीचे, वेडेवाकडे. पडद्याच्या कडेला तसेच. सोफ्याच्या खोळीला पुढून तसेच. बाथरूमच्या दाराच्या कडीला लाल दोऱ्याचे वेढेच वेढे, पक्ष्याने घरटं बांधावं तसे.

कच्चा टाका घालायला मीच शिकवलं होतं तिला, लग्न झाल्यावर लगेच. पक्का टाका दिसता कामा नये आणि कच्चा टाका दिसल्याशिवाय राहता कामा नये. म्हणून पांढऱ्यावर लाल घालायचा, काळ्यावर पांढरा. कुठे वळायचं, कुठे थांबायचं ते नजरेला कळावं म्हणून तो असतो. काम झालं की काढून टाकायचा. बिचारी घालायचं विसरली नाही. कशावर घालायचा तेवढं मात्र विसरली. तयार मालावर कुणी कच्चा टाका घालतं का?

दुपारी ती झोपली तेव्हा सगळे टाके उसवले. कडीचा दोराही कापून टाकला. त्यात हात अडकून पुन्हा पडली असती. उठल्यावर ती पलंगाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. पुन्हा पुन्हा. मग उशीत तोंड घालून रडली. का, ते सांगता येईना तिला.

एक मात्र खरं. सकाळी बाथरूमला आपली आपण जाऊन आली होती. एखादा दिवस तिला जमतंही. देवालाच ठाऊक कसं.

२ एप्रिल

उसवलं की पुन्हा घालते, घातलं की पुन्हा उसवतो. तिच्यामागे सुई, सुईमागे दोरा, दोऱ्यामागे मी. शेवटी रीळ आणि सुया वरच्या फळीवर लपवून ठेवल्या. बोटात घुसवून घेतली तर? लेक आणि डॉक्टर दोघं मलाच विचारणार.

दोन दिवस ती खण उघडत, बंद करत राहिली. मग थांबली. आता काहीच शोधत नाही.

आज चहा घेऊन गेलो तर म्हणाली, "मास्तर, आमचे हे आले नाहीत अजून."

गिऱ्हाइकं मला मास्तर म्हणायची. हिने जन्मात कधी म्हटलं नाही.

"अगं, मीच की."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. "तुम्ही दिसताय," ती सभ्यपणे म्हणाली, "पण ते दिसत नाहीत. मला जरा घरी सोडाल का?"

"हेच घर, राणी."

"असं कसं? इथे काहीच नाही."

जे आहे ते सगळं तिच्यासाठीच तर केलं. पुस्तकात चित्रं असतात ना, आधीचं घर आणि नंतरचं घर, आणि नंतरच्या चित्रात सगळे हसत असतात. काय चुकलं असेल? सायीत पिवळ्याची झाक थोडी जास्त झाली का? की पडदे? उद्या पडद्यांची चुणी कमी करून बघतो.

९ एप्रिल

दार लोटायचं राहिलं आणि ही बाहेर गेली. गल्ली पालथी घातली. जीव मुठीत धरून धावताना कळलं की माझेही पाय आता माझे नाहीत. शेवटी चौकात सापडली. लाल टपालपेटीला दोन्ही हातांनी मिठी मारून उभी होती, उन्हात, अनवाणी. चेहऱ्यावर भीती औषधाला नव्हती. मिठी काही सोडवेना. "आता सापडलंय," म्हणत होती. "आता मी नाही जाणार." लोक जमले. एक जण म्हणाला, "म्हातारीला घरात काही त्रास आहे वाटतं."

लेक संध्याकाळी आली. भांडली नाही. माझ्यापुढे बसून माझे तळपाय चोळत राहिली. मग म्हणाली, "बाबा."

"हं."

"आता पुरे."

मी मान हलवली. भांडली असती तर नाही म्हणालो असतो.

१६ एप्रिल

पोचवून आलो.

केंद्र स्वच्छ आहे. माणसंही बरी वाटली. पण काय ते रंग! भिंती पांढऱ्या, त्यावर संडासाची दारं झेंडूसारखी पिवळी, कठडे लाल, खुर्च्या निळ्या, ताटल्या गडद निळ्या. कशाचा पायपोस कशात नाही. रंगवणाऱ्याने उरलेले डबेच संपवले असणार. आमचा रंगारी इथे भलताच रमला असता. मी लेकीच्या कानात म्हटलंही, "इथे चांगल्या माणसाचं डोकं फिरेल." ती म्हणाली, "बाबा, प्लीज."

घरी आलो. सगळं जुळलेलं, सगळं जागच्या जागी. शिवण कुठेच दिसत नाही. कुठे बसावं ते सुचेना.

२० एप्रिल

सिस्टरचा फोन आला. कौतुकाने सांगत होती, "आजी छान रुळल्या हं! संडासाला आपल्या आपण जातात. ताटली चाटूनपुसून साफ करतात. घरी त्रास द्यायच्या म्हणालात ना? इथे काहीच नाही."

"बरं झालं," म्हणालो. फोन ठेवला.

म्हणजे आजार नव्हता तो. निदान सगळा नव्हता. माझ्यापाशी जेवण जात नव्हतं, परक्याच्या हातचं जातं. माझ्या घरात दार सापडत नव्हतं, तिथे सापडतं. इतकी वर्षं दुकानात एका दिव्याखाली बसलो, आणि शेवटी तिला मीच नकोसा झालो होतो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. मला तर जळूनही कळलं नाही.

ती सुखात आहे. त्याचा आनंद मला व्हायला हवा. होईल हळूहळू.

२४ एप्रिल

आज तिला भेटायला गेलो. जावं की नको, असं चाललं होतं. धुवायचे कपडे साचलेले. कपाटाच्या तळाशी घडी घातलेला एक सायीचा शर्ट होता, तो चढवला.

ती निळ्या खुर्चीत बसली होती. गाल जरा भरलेत. मी "कशी आहेस?" विचारलं तर "बरी आहे, मास्तर," म्हणाली. म्हटलं, चला, मास्तर तर मास्तर. तिच्या पायातली चप्पल निसटली होती, ती सारायला खाली वाकलो. तर मानेवर तिचं बोट आलं. माझ्या कॉलरवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरलं. आणि ती म्हणाली, "आलात होय? किती वेळ लावलात!"

मी तसाच वाकून राहिलो. हलायची भीती वाटली.

"केस कापून घ्या," ती म्हणाली. "कॉलरवर आलेत. आणि जेवलात का? नसणारच. मी नसले की तुमचं काही खरं नाही." मग मला शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि माझी मान आपल्याकडे वळवून, कॉलरवर हात ठेवून बसून राहिली. दुकानातली सगळी बोलणी केली. ते वकील गिऱ्हाईक, ज्यांची पँट दर वर्षी सैल करावी लागायची, त्यांच्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो.

निघताना सिस्टर म्हणाली, "आजोबा, कॉलरला मागून लाल दोरा राहिलाय." ओशाळलो. हिचीच करामत, रीळ लपवण्याच्या आधीची. अशा अवतारात शिंपी चारचौघांत हिंडला!

डॉक्टर म्हणाले होते, मध्येच एखादा असा चांगला दिवस येतो. कशामुळे येतो ते सांगता येत नाही.

सिस्टरने आणखी एक सुचवलं. घरच्या दोन-चार वस्तू खोलीत ठेवल्या की त्यांना आपलं वाटतं. किती दिवसांनी मला काहीतरी काम मिळालं! रविवारी तिची खोली सजवून देतो. घरचे पडदे, घरचा पलंगपोस, कपाटाला आणि दाराला आतून सायीचंच कापड. त्या भडक गोंधळात एक कोपरा तरी शांत असू दे तिला. मीही चांगला इस्त्रीचा शर्ट घालून जाईन. पुन्हा चांगला दिवस आलाच, तर तिला आपला माणूस नीटनेटका दिसायला हवा.

२६ एप्रिल

सगळं बांधून तयार आहे. लेक गाडी घेऊन येतेय.

पलंगपोस धुऊन, कडक इस्त्री करून घेतला. एका कोपऱ्यात तिचे चार टाके माझ्या नजरेतून सुटले होते, ते काढले. मग परवाच्या शर्टाची कॉलर घेतली. उजेडात धरून पाहिली. टाके वाकडे, पण अंतर सारखं. जुना हात कुठे जातो! क्षणभर वाटलं, राहू द्यावेत, तिची आठवण म्हणून. पण तयार मालावर कच्चा टाका ठेवायचा नसतो. हे मीच तिला शिकवलंय, आणि ती बघते तेव्हा बारकाईने बघते.

सुईच्या टोकाने पहिली गाठ उचलली आणि हलकेच ओढलं. अख्खा दोरा कुठेही न तुटता, एका दमात, सरळ बाहेर आला. कापडावर भोकसुद्धा उरलं नाही.

हात अजून चांगला आहे माझा.